डॉलरावरचा ताजा घाव

अप्पा,

परवा डॉलरची पारख झाली. कलबुर्गीत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं पुण्याचा एक पारखी बसतो असं नातू सांगत आला आणि माझ्या मागेच लागला. नको नको म्हणत शेवटी गेले. पारखी तरुण होता, पण हात शहाणे होते. नाणं त्यानं कडेला धरलं, तोंडावर अंगठा ठेवला नाही, दिव्याखाली आधी नुसतंच फिरवलं आणि भिंग नंतर घेतलं. मी मनात म्हटलं, याला कुणीतरी मार देऊन शिकवलेलं दिसतंय. मग तो म्हणाला, “आजी, नाण्यावरच्या बाईच्या कानावरचे केस बुजल्यासारखे दिसतात, पण ती झीज नाही. टांकसाळीतच तिथं ठसा कमी उठलाय. चकाकी बघा, तिथूनसुद्धा सलग जाते.” म्हणजे आपले पेशकारसाहेब खरे होते, अप्पा, आणि तुम्ही चुकला होतात. आपल्या ओसरीवर बसून तुम्ही दोघं इतकी वर्षं त्या एका कानावरून भांडलात, साहेबांचा चहा गार झाला, तुमची तंबाखू संपली, मायनं आतून भांडी आपटली, आणि उत्तर हे असं, एका परक्या पोरानं दोन मिनिटांत दिलं. ऐकायला तुम्ही दोघंही नाही.

मग त्यानं बोट न लावता बाईचा गाल दाखवला. “हा घाव नसता तर मी कोराच म्हटला असता. कुठं पडलाय का?” मी म्हटलं, “माहीत नाही.” नाण्याच्या बाबतीत मी आयुष्यात दुसऱ्यांदा चुकीचं बोलले. पहिल्यांदा खरं बोलून चुकले होते. नातू बाजूला किंमत विचारायला लागला तशी मी नाणं उचललं, फडक्यात बांधलं आणि कमरेला खोचलं. घरी येईपर्यंत तो माझ्यावर रुसून होता.

तुम्ही कसे होता हे मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. आपली धनगराची जात. तुमचे दोघे भाऊ मेंढरामागं हिंडले आणि घोंगड्या विणत बसले. तुम्ही एकटेच चांदीच्या नादी लागलात. लहानपणी मेंढरं विकताना व्यापाऱ्यानं तुमच्या हातात खोटा रुपया टेकवला आणि आजोबांनी तुम्हाला चाबकानं फोडलं, तिथून ते खूळ सुरू झालं असं माय सांगायची. पुढं तालुक्याच्या सराफाकडं तुम्ही पारखी म्हणून बसायला लागलात. हैदराबादचा हाली रुपया, इंग्रजांचा कलदार, चाऊसांच्या, म्हणजे आपल्याकडं स्थायिक झालेल्या अरबांच्या, गळ्यातले अरबी मुलुखाकडचे रियाल, सगळं तुमच्या हाताखालून जायचं. खोटं नाणं सापडलं की तुमचा चेहरा बदलायचा. परत द्यायचं सोडून तुम्ही ते लोखंडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि छिन्नीनं, ज्याचं त्याच्याच डोळ्यांदेखत, दोन तुकडे करायचा. एकदा एका माणसानं त्यापायी तुमचं डोकं फोडलं. तुम्ही रक्त पुसलंत, दुसरा घाव घातलात, नाणं पुरतं तोडलंत, आणि मगच खाली बसलात. मला वाटतं घरात सगळ्यांना तुमची भीती वाटायची, आणि मला तर फारच. तरीही तुमच्या शेजारी बसायला मी एका पायावर तयार असायची.

कारण तुमचे डोळे जायला लागले होते. माझं बारावं लागलं तेव्हा दोन्ही बुबुळांवर सायीसारखं आलं होतं. सराफ गडबडीच्या दिवसांत दुकानाला कुलूप लावून सोलापूरला निघून गेला, आणि तुम्ही घरीच ओसरीवर घोंगडी टाकून बसायला लागलात. बोटाला कळायचं, आवाज कळायचा, वजन कळायचं, पण बारीक दिसायचं नाही. मुलगा नव्हता. मग तुम्ही मला बसवलंत. लोक हसले. “दाजी, तव्यावरची भाकरी करपली का न्हाई ते बघू द्या तिला,” असं मामा म्हणायचा. मायचा हा धाकटा भाऊ दोन कोसांवरच्या गावात राहायचा, आठवड्याच्या बाजाराला यायचा आणि आल्या आल्या माझी टर उडवायचा. त्याच्या थोरल्या मुलाला मी देऊ केलेली होते. आपल्यात मामाच्या घरी पोर द्यायची रीतच आहे, त्यामुळं त्याला मी भाचीही होते आणि होणारी सूनही, आणि चांदी बघत बसणारी सून त्याला नको होती.

पहिल्या महिन्यातला मार मला अजून आठवतो. एक चाऊस त्याच्या आईच्या गळ्यातला रियाल घेऊन आलेला, काळाकुट्ट, लठ्ठ राणीचं तोंड असलेला. तुम्ही म्हणालात, ठेवून जा, उद्या सांगतो. मला वाटलं, अप्पांना दिसत नाही ते मळामुळं. मी परसात जाऊन चिंच आणि राख घेतली, मायचे तोडे घासायची तसा तो रियाल घासला आणि पांढराशुभ्र करून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो नाकाजवळ नेलात. मग छिन्नीच्या दांड्यानं माझ्या बोटांवर मारलंत, एकेका बोटावर. “कातडी सोललीस त्याची,” तुम्ही म्हणालात. “माणसाची सोलतीस का अशी? काळं हाय ते मळ न्हाई. ते त्याचं वय हाय.” दुसऱ्या दिवशी चाऊस आला, नाणं बघून त्याचा हात कमरेच्या जंबियावर, त्या वाकड्या सुऱ्यावर, गेला. तुम्ही त्याच्यापुढं मान खाली घातलीत. तुम्ही मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बोटं माझी आठवडाभर सुजलेली होती, भाकरी मोडता येत नव्हती, तर रात्रीच्या जेवणाला तुम्हीच ताटात भाकरी कुस्करून दिलीत.

त्यानंतर शिकवलंत मात्र मनापासून. कोरा म्हणजे टांकसाळीतून निघाला तसा, हात न लागलेला. त्याखाली अंगभर, मग चालता, मग झिजका, आणि ज्याचं तोंडही ओळखू येत नाही तो मेला. वर उठलेल्या जागा आधी बघायच्या, कारण झीज तिथून लागते: गाल, कान, छाती. पण सगळ्यात आधी घाव सांगायचा. “घाव लपवून पुढं कितीबी खरं बोललीस तरी त्ये खोटंच,” असं तुम्ही रोज म्हणायचा. आणि घावाचं वय ओळखायला शिकवलंत. जुना घाव आतून काळा पडलेला असतो. ताजा पांढरा असतो, उन्हात धरला की डोळ्यात जातो. चार-आठ दिवसांत त्याचं तेज उतरायला लागतं. मी इतकी तयार झाले की घाव कालचा की परवाचा ते सांगायची, आणि तुम्ही तोंडानं शाबासकी कधी दिली नाहीत, नुसतं “हं” म्हणायचा.

साहेबांना गावात सगळे पेशकारसाहेब म्हणायचे. तहसिलीतून निवृत्त होऊन ते आपल्या गल्लीच्या टोकाला येऊन राहिले. मूळ घर त्यांचं बिदरजवळच्या नौबादचं. परदेशी चांदीची नाणी गोळा करायचा त्यांना नाद होता. सागवानी पेटीत मखमलीचे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात एक नाणं. डॉलर त्यांना बिदरच्या दवाखान्यातल्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी मायदेशी जाताना भेट दिलेला. एका बाजूला भरल्या गालाची बाई, केसांत पानं खोवलेली, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी. साहेब म्हणायचे कोरा. तुम्ही म्हणायचा अंगभर, कोरा नव्हे, कानावर घासलाय. “अरे भाई, घिस्या नै,” साहेब कळवळून सांगायचे, “ठप्पाच हल्का पड्या है.” “मंग टाकसाळवाल्याला धरून आणा की इथं,” तुम्ही म्हणायचा. मला विचारलं की मी गप्प बसायची, कारण मला साहेबांचं पटायचं आणि बोटं आठवायची. साहेब मला खारीक द्यायचे. ते भित्रे होते, गोड बोलायचे, कुणालाही नाही म्हणू शकत नव्हते. हे मी त्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. पुढं जे झालं ते त्यांच्या या नाही म्हणता न येण्यातूनच सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात हैदराबाद सरकारच्या पाठबळावर खाकी कपडेवाले गावोगाव फिरायला लागले होते. बंदुका, भाले, घोडी. कुणाचं धान्य उचल, कुणाच्या गंजीला काडी लाव, बाईमाणसाला विहिरीवर जायची सोय राहिली नव्हती. एक दिवस त्यांची टोळी आपल्या गावात मुक्कामाला थांबली आणि साहेबांच्या घरी जेवली. दुसऱ्या दिवशी ती मामाच्या गावात शिरली. मामाचा थोरला मुलगा बैल सोडवायला गोठ्याकडं पळाला, म्हणून त्यांनी त्याला गोठ्याच्या खांबाला बांधला आणि गोळ्या घातल्या. तीन. वीस वर्षांचा होता. मामा बैलगाडीत त्याला घालून आपल्या दारात आला, कारण त्यांच्या गावात जाळायला लाकडंसुद्धा राहिली नव्हती. वरची घोंगडी तुम्ही बाजूला केलीत आणि दिसत नाही म्हणून त्याच्या छातीवरून हात फिरवलात. एक, दोन, तीन, बोटं थांबत गेली. मी तुमच्या शेजारी उभी होते. माझं लग्न ज्याच्याशी व्हायचं त्याचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा एवढं जवळून पाहिलं. दाताखाली जीभ चावलेली होती.

“आदल्या राती कुणाच्या घरी जेवली ती?” मामानं तेव्हाच विचारलं. तुम्ही घोंगडी परत वर ओढलीत. साहेब चार दिवसांनी आले, ओसरीखालीच उभे राहिले, वर चढले नाहीत. “मैं ना बोल्ता तो मेरेकूच मारते थे,” म्हणाले, आणि रडले. तुम्ही म्हणालात, “बसा.” पण त्या दिवशी कुणी डॉलर काढला नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. रस्त्यानं रणगाडे गेले, खाकीवाले कपडे फेकून शेतातून पळाले, आणि मधले काही दिवस असे होते की जुनं सरकार गेलेलं आणि नवं अजून गावापर्यंत पोचलेलं नाही. त्या दिवसांत सगळेच पारखी झाले होते. माणूस समोर आला की आधी दाढी बघायची, मग पायजमा, मग नाव विचारायचं. ज्यांनी मारलं होतं ते केव्हाच पळून गेले होते. राहिले होते ते शिंपी, अत्तार, कासार, म्हातारे. विहिरींतून वास यायला लागला होता. पितरपाटाचे दिवस, घराघरात पितरांना जेवण, आणि बाहेर हे.

एक दिवस सकाळी साहेब मागच्या भिंतीवरून आपल्या परसात पडले. पडले म्हणजे अक्षरशः पडले, दगडावर, गुडघे फुटलेले, चष्म्याची एक काच गेलेली. बायकोला त्यांनी आदल्या दिवशीच नौबादला तिच्या भावाकडं पाठवलं होतं. मुठीत डॉलर होता. पेटी घरात टाकून आलेले, पण तेवढा एक उचललेला. मला त्या माणसाचा राग आला, जीव चाललाय आणि हा नाणं धरून बसलाय. तुमच्या हातात तो देत ते म्हणाले, “रखो भाई. मैं बच्या तो देना.” तुम्ही डॉलर कनवटीला लावलात. माय चुलीपुढून उठली. तिच्या भावाचं पोर चार महिन्यांपूर्वी याच अंगणातून जाळायला नेलं होतं. तरी तिनं लोकरीच्या खोलीचं दार उघडलं, साहेबांना भिंतीशी बसवलं आणि वर एकामागून एक घोंगड्या टाकल्या, बाजाराला न्यायच्या घोंगड्यांचा ढीग असतो तशा. मी त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

दुपारी मामा आला. बरोबर सात-आठ जण, निम्मे आपल्याच गावातले. कुऱ्हाडी, कोयते, एकाकडं खाकीवाल्यांनी टाकलेला भाला. साहेबांची पेटी त्यांनी फोडून आणली होती. मामा ओसरीवर चढला, पेटी तुमच्यापुढं आदळली आणि म्हणाला, “दाजी, त्यो कुठं हाय?” तुम्ही म्हणालात, “कोण?” “कोण म्हून इचारायलाव? तुमचा दोस्त.” तुम्ही म्हणालात, सहा महिने झाले, त्याचा-माझा संबंध नाही. मामा खाली बसला. त्याला घाई नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. पेटीतला रिकामा खड्डा त्यानं बोटानं दाखवला. “मोठं नाणं हितलं. त्यो जीव सोडंल पर हे सोडायचा न्हाई. सगळ्या गावाला ठावं हाय.” मग त्याची नजर तुमच्या कनवटीवर गेली, जिथं गोल उठून दिसत होतं. त्यानं हात घातला आणि डॉलर बाहेर काढला.

तुम्ही डगमगला नाहीत. “हे व्हय? हे मला त्यानं पाडव्याला देऊन टाकलंय. तवापून माझ्या पेटीत फडक्यात गुंडाळून हुतं. तुमी आलाव म्हून कनवटीला लावलं.” किती सहज बोललात. मला वाटलं आता हे जाणार. बाकीचे कंटाळले होते, दोघं पायरी उतरलेसुद्धा. मामानं नाणं उलटंपालटं केलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मग तो माझ्याकडं बघून हसला, पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. “आन् ही आपली पारखीणबाई. दाजीला दिसंना, म्हून हिला बशीवलंय. हिला तरी काय दिसायलंय? बायकाच्या जातीला चुलीतला इस्तू कळतोय, चांदी न्हाई.” आणि त्यानं डॉलर माझ्या मांडीवर टाकला. “सांग की गं. सांग, कसं हाय नाणं?”

मी ते कडेला धरलं. उन्हाकडं फिरवलं. बाईच्या गालावर, डोळ्याखालून तोंडापर्यंत, एक घाव होता, पांढरा, लखलखीत. सकाळी भिंतीच्या दगडावर साहेबांची मूठ आपटली तेव्हाचा. तुम्हाला तो दिसलाच नव्हता. आणि मी म्हणाले, “अंगभर हाय. पर गालावर घाव हाय. ताजा. आजचाच हाय, सकाळचा.”

पायरी उतरलेले दोघं परत वर आले. मामाला चांदीतलं कळत नव्हतं, पण सकाळ आणि पाडवा यातलं अंतर कळत होतं. तो उठला आणि सरळ आत गेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मी लिहिणार, कारण मी ते पाहिलं आणि तुम्हाला फक्त ऐकू आलं. घोंगड्या त्यांनी भाल्यानं उडवल्या. साहेबांना एका पायाला धरून ओढत आणलं. त्यांचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ते ओरडले नाहीत. “घर में नक्को, बच्ची है,” एवढंच दोनदा म्हणाले, आणि त्यांचं तेवढं ऐकलं गेलं, त्यांना अंगणात नेलं. तुम्ही आवाजाच्या दिशेनं धावलात, मामाच्या पायाला मिठी मारलीत, “मला मार, मला मार” म्हणालात. कुणीतरी कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, तुमच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो हात मरेपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही. पहिला घाव मामानं घातला, मानेवर, पण कुऱ्हाड नीट बसली नाही. दुसराही नाही. मेंढराला एका घावात सोडवणारा माणूस, त्याला त्या दिवशी पाच घाव घालावे लागले. तिसऱ्यानंतर मामा स्वतःच रडायला लागला, पोराचं नाव घ्यायला लागला, आणि रडता रडता मारत राहिला. साहेबांचा हात मधेच वर उठायचा, कुणाला तरी थांबवल्यासारखा. मग तो उठायचा थांबला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी साहेबांना कुठं नेलं ते कळलं नाही. मायनं अंगण सारवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मामा त्यानंतर आपल्या घरी कधी आला नाही, मायनं त्याचं तोंड पाहिलं नाही. तो मेला तेव्हाही ती गेली नाही, मीच गेले.

खांदा बांधलेला असतानाच तुम्ही मला घेऊन नौबादला गेलात. अर्धा रस्ता गाडीतून, अर्धा पायी, मी तुमचा धड हात धरून. साहेबांची बायको पडद्याआड बसली होती, फक्त पाय दिसत होते. तुम्ही डॉलर उंबऱ्यावर ठेवलात आणि म्हणालात, “चूक माझी हाय, बीबी. मीच पोरीला शिकिवलं, घाव आधी सांगायचा म्हून. मारून मारून शिकिवलं. तिनं बिचारीनं पाठ केल्यालं म्हणून दावलं. तिला काय ठावं?” मग ती म्हणाली, “बच्ची है. बच्ची कू क्या मालूम.” पडदा जरासा सरकला, आणि तिचा हात बाहेर येऊन माझ्या डोक्यावर फिरला. डॉलर तिनं घेतला नाही. “मेरेकू नक्को वो.” तुम्हीही उचलला नाहीत, म्हणून निघताना मी उचलला.

त्या दिवसानंतर तुम्ही नाण्याला हात लावला नाहीत. ठोकळा, छिन्नी विहिरीत टाकलीत. आंधळे होऊन ओसरीवर बसून राहायचा, आणि कुणी तो विषय काढला की तेच म्हणायचा, माझ्या शिकवण्यानं माणूस मारला. सहा वर्षं म्हणत राहिलात. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला जवळ बसवून म्हणालात, “तुझा दोष न्हाई, पोरी. रडायचं न्हाई. समदं माझ्याकडं हाय.” मी मान हलवली. तुम्हाला ती दिसली नसणार, पण हात माझ्या डोक्यावर होता, कळली असेल. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी इथं निंबर्ग्याला नांदत होते, पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

इथं माझे मालक शाळामास्तर होते. मला लिहा-वाचायला त्यांनी शिकवलं. त्यांना मी एकदा सगळं सांगितलं. त्यांनी समजुतीनं विचारलं, “तुझं लग्न ठरलं होतं ना त्या मुलाशी? मनात सूड असेल.” मी गप्प बसले, आणि त्यांनी ते हो धरलं. सूड म्हटलं की माणसं समजून घेतात, हे मला तेव्हा कळलं. मीही अनेक वर्षं तेच धरून बसले. बरं होतं ते. मेलेल्या नवऱ्यासाठी केलं म्हणजे निदान कुणासाठी तरी केलं. पण अप्पा, त्या मुलाची मला त्या क्षणी आठवणही नव्हती. आणि तुमची शिकवणही डोक्यात नव्हती. पाठ म्हणून मी काही बोलले नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? घरात नातवंडांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, सगळी कन्नड शाळेत शिकली. म्हणून कपाटात उघडं ठेवलं तरी चालेल. तुमच्याशिवाय कुणाला सांगायचंही नाही. मामानं डॉलर माझ्या मांडीवर टाकला तेव्हा घोंगडीखालून तुमच्या पायाचा अंगठा माझ्या पावलावर आला होता. तुम्ही तो दाबलात, नख रुतेपर्यंत दाबलात. तुम्हाला जन्मभर वाटलं की पोरीला कळलं नाही. मला कळलं होतं. लोकरीच्या खोलीत कोण आहे, आजचा घाव म्हटलं की काय होईल, सगळं मला त्या अंगठ्यानं सांगितलं होतं. पण मामा म्हणाला होता की हिला काय दिसतंय, आणि मला दिसत होतं. माझ्याएवढं तिथं कुणालाच दिसत नव्हतं.

मी बोलले, आणि आत जाण्याआधी मामानं माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास, पोरी,” म्हणाला. “बापापरीस नजर तेज हाय तुझी.”

मला बरं वाटलं होतं, अप्पा.